सोलापूरच्या कारखान्यातून टॉवेलचे दर कसे मागवावेत

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात मी बारा वर्षं चौकशांना उत्तरं दिली. सकाळी मोबाइल हातात घेतला की वीसेक मेसेज आलेले असायचे. त्यातले निम्मे एका ओळीचे: "टॉवेलचे रेट पाठवा." कुणी फोनवर विचारायचं, "मालक, टॉवेल काय भाव द्यायलाव?" यावर आमचा उलटा प्रश्न एकच असायचा, कुठला टॉवेल? पण दर वेळी पाच-पाच प्रश्न विचारत बसायला सवड नसायची. मग एखादं जुनं दरपत्रक पाठवून दिलं जायचं आणि चौकशी तिथेच संपायची. विचारणाऱ्याला वाटायचं, सोलापूरवाले नीट बोलत नाहीत. आम्हाला वाटायचं, याला घ्यायचंच नाही. प्रत्यक्षात त्यातल्या कित्येकांना खरोखर माल हवा होता, हे मला पुढे दुसरीकडे त्यांचीच ऑर्डर गेलेली दिसली की कळायचं आणि वाईट वाटायचं.

आता मी पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोटच्या लॉजवाल्यांसाठी आणि धंद्यात नव्याने उतरलेल्या दुकानदारांसाठी खरेदी करून देतो, म्हणजे दर मागणारा मीच असतो. हे सगळं टॉवेल धरून लिहिलं आहे, कारण मला टॉवेल कळतो. नॅपकिन, चादर, गणवेशाचं कापड यांचे दर मागवतानाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

आधी दर बांधतात कसा ते बघा

कारखानदार दर सांगतो तेव्हा त्याच्या डोक्यात एक हिशेब चालू असतो. टॉवेलला सूत किती ग्रॅम लागणार, त्या सुताचा आजचा किलोचा भाव काय, रंगाई किती, विणायची मजुरी किती, कडेची शिलाई, तपासणी, पॅकिंग, वाया जाणारा माल आणि शेवटी स्वतःचा नफा. यात सगळ्यात मोठा वाटा सुताचा. म्हणून टॉवेलच्या बाबतीत पहिला प्रश्न लांबी-रुंदीचाही नसतो, वजनाचा असतो. 30 बाय 60 इंचाचा टॉवेल 300 ग्रॅमचाही असतो आणि 600 ग्रॅमचाही. फोटोत दोन्ही सारखेच दिसतात, पण त्यांच्या दरात जवळजवळ दुपटीचा फरक असतो.

दुसरी गोष्ट मागाची. टेरी टॉवेल म्हणजे अंगावर लूप, म्हणजे सुताचे बारीक फास, असलेला टॉवेल. त्याच्या मागावर दोन बीम, म्हणजे धागे गुंडाळलेले रूळ, असतात, एकावर खालच्या विणीचे उभे धागे आणि दुसऱ्यावर लूपचे. रंग किंवा रुंदी बदलायची म्हटली की बीम बदलावा लागतो, नवे धागे जुन्यांना सांधावे लागतात आणि तेवढा वेळ माग बंद राहतो. रंगाईसुद्धा किलोकिलोने होत नाही, एका वेळी एक लॉट, म्हणजे एक पूर्ण घाणा, होतो. तुम्ही "प्रत्येक रंगाचे वीस-वीस नग" मागता आणि समोरून नकार येतो, तो याच कारणाने. तो माणूस माजलेला नसतो, वीस नगांसाठी बीम भरणं त्याला परवडत नाही.

पहिलं काम: आपल्याला काय हवं ते कागदावर

दर मागण्याआधी हे करा, आणि यात घाई करू नका. माझ्या अनुभवात पुढचे निम्मे वाद इथेच मिटतात.

तांत्रिक शब्द येत नसतील तरी अडत नाही. तुम्हाला आवडलेला एक टॉवेल घ्या. तो धुऊन पूर्ण वाळवा. टेपने लांबी-रुंदी मोजा आणि किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन करा. एवढ्यावरून जीएसएम निघतो, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम. हिशेब असा: 30 बाय 60 इंच म्हणजे 76.2 बाय 152.4 सेंटिमीटर, म्हणजे साधारण 1.16 चौरस मीटर. टॉवेल 450 ग्रॅमचा भरला, तर 450 भागिले 1.16, म्हणजे अंदाजे 388 जीएसएम. लॉजच्या रोजच्या वापराला हे वजन चांगलं चालतं. फार जाड टॉवेल हाताला मऊ लागतो, पण पावसाळ्यात लवकर वाळत नाही आणि ज्या लॉजमध्ये दिवसाला दोनदा खोल्या बदलतात तिथे तो डोकेदुखी होतो.

मग हे लिहून काढा: वापर कशासाठी, लांबी-रुंदी, एका नगाचं वजन, लूप दोन्ही बाजूंनी की एका बाजूने, रंग, बॉर्डर साधी की नक्षीची, नाव विणून हवं की शिवून, पॅकिंग सुटं की प्रत्येक नगाला पिशवी. सुताचा नंबर माहीत असेल तर लिहा. नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक, आणि लूप एकपदरी सुताचा आहे की दोनपदरी यानेही हाताला लागणारा पोत बदलतो. माहीत नसेल तर नंबर लिहू नका, उगाच ऐकीव आकडा टाकला तर कारखानदार तोच धरून दर देईल. त्याऐवजी "सुताचा नंबर आपणच सुचवा आणि दरासोबत लिहून द्या" असं म्हणा.

एक बारीक मुद्दा नवखे हमखास विसरतात. दिलेलं माप धुण्याआधीचं की धुतल्यानंतरचं? सुती टॉवेल पहिल्या धुण्यात आटतो. 30 बाय 60 म्हणून घेतलेला टॉवेल दोन धुण्यांनंतर लांबीत दोन-तीन इंच कमी भरला तर भांडण कुणाशी करणार? "तयार मालाचं माप" आणि "धुतल्यावर किती आटणं चालेल" हे दोन्ही लिहा.

वजनातही थोडी सवलत ठेवावी लागते. कापूस हवेतला ओलावा धरतो. कापसासाठी व्यवहारात 8.5 टक्के ओलावा प्रमाण मानतात. त्यामुळे तोच टॉवेल सोलापूरच्या एप्रिलमधल्या कोरड्या हवेत आणि कोकणातल्या जुलैमध्ये काट्यावर वेगळा भरतो. चार-पाच टक्के मागे-पुढे मान्य करा, पण किती ते आकड्यात ठरवा. "थोडंफार चालेल" या शब्दांतलं थोडंफार विकणाऱ्याचं वेगळं असतं आणि घेणाऱ्याचं वेगळं.

विचारायचं कुणाला

शंभर-दीडशे नगांपर्यंतची गरज असेल, रंगाचा हट्ट नसेल, तर सरळ चाटी गल्लीच्या बाजूला कापडबाजारात जा. घाऊक व्यापाऱ्याकडे तयार माल असतो, हाताने बघून घेता येतो आणि त्याच दिवशी बांधून मिळतो. व्यापारी मध्ये आहे म्हणून तो महाग असेलच असं नाही. तो कारखान्यातून हजारांनी उचलतो, तुम्हाला त्यातला वाटा मिळतो.

स्वतःचा रंग, स्वतःचं नाव, ठरावीक वजन हवं असेल तर मात्र कारखाना गाठायला हवा. अक्कलकोट रोड एमआयडीसी आणि शहराच्या पूर्व भागात चाललात तर मागांचा आवाज तुम्हाला पत्ता सांगतो. पूर्व भागात पद्मशाली समाजाची वस्ती मोठी, कानावर तेलुगू पडेल, पण व्यवहार मराठीत, हिंदीत आरामात होतो. सोलापूर जिल्हा यंत्रमागधारक संघासारख्या संघटनेकडे चौकशी केली तर सभासद कारखान्यांची ओळख मिळू शकते.

समोरचा खरोखर कारखानदार आहे का, हे तपासायला पाच मिनिटं लागतात. त्याचा जीएसटी नंबर मागा आणि जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर टाका. फर्मचं कायदेशीर नाव, पत्ता, नोंदणी चालू आहे की रद्द आणि व्यवसायाचं स्वरूप उत्पादन आहे की घाऊक विक्री, हे सगळं तिथे दिसतं. नंबर द्यायला कुणी टाळाटाळ केली तर मी पुढे बोलत नाही. खरा धंदेवाईक हा नंबर बिलावर छापतो, त्यात लपवण्यासारखं काही नसतं.

किती जणांना विचारावं? तीन ते पाच. त्याहून जास्त विचाराल तर उत्तरांचा पाठपुरावा होणार नाही. शिवाय सोलापूरचा टॉवेलधंदा लहान आहे, कारखानदारांची एकमेकांत रोजची ऊठबस असते. एकच चौकशी वीस ठिकाणी फिरली की ते संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं आणि मग कुणीच मनापासून हिशेब करत नाही.

चौकशीचं पत्र

मेल असो वा व्हॉट्सॲप, मजकूर एकच आणि सगळ्यांना सारखाच पाठवा, नाहीतर आलेल्या दरांची तुलनाच होणार नाही. मी साधारण असं लिहितो:

"नमस्कार. पंढरपूरला आमचं 40 खोल्यांचं लॉज आहे. आम्हाला अंघोळीचे टेरी टॉवेल हवे आहेत. माप 30 बाय 60 इंच, तयार मालाचं. वजन नगाला 450 ग्रॅम, 5 टक्के कमी-जास्त चालेल. शंभर टक्के सुती, दोन्ही बाजूंना लूप, रंग पांढरा, बॉर्डर साधी, नाव नको. पॅकिंग डझनाचं, प्रत्येक नगाला पिशवी नको. 500 नग हवे आहेत. 200, 500 आणि 1000 नगांचे दर वेगवेगळे कळवावेत. माल आषाढी वारीच्या 20 दिवस आधी पंढरपुरात पोहोचायला हवा. दर देताना सुताचा नंबर, जीएसटी धरून की वेगळा, भाडं कुणाकडे, ॲडव्हान्स किती, ऑर्डर दिल्यापासून किती दिवस आणि हा दर किती दिवस कायम राहील, एवढं लिहावं. नमुन्याचा एक टॉवेल पैसे देऊन घेण्याची तयारी आहे. येत्या शुक्रवारपर्यंत उत्तर मिळालं तर बरं होईल."

यातल्या काही गोष्टी मुद्दाम आहेत. आपण कोण आणि माल कशासाठी, हे पहिल्याच ओळीत सांगितलं की कारखानदार स्वतःहून सल्ला देतो. "लॉजला पांढरा घेताय तर ब्लीचमध्ये टिकणारं सूत लावतो" असं वाक्य मला कितीदा फुकटात मिळालंय. आणि पैसे देऊन नमुना मागणारा माणूस वेगळा दिसतो. माझ्या ऑफिसातल्या दिवसांत असा मेसेज आला की मी तो बाजूला काढून थेट मालकांपुढे ठेवायचो.

तीन वेगवेगळ्या संख्यांचे दर मागितले की दर कुठे उतरतो ते दिसतं. कधी 500 आणि 1000 मध्ये नगामागे दोनच रुपयांचा फरक असतो, मग जास्तीचा माल घेऊन गोदाम भरायचं कारण नाही.

इथे एक कळकळीचं सांगणं. संख्या फुगवून सांगू नका. "आत्ता पाच हजार, पुढे दर महिन्याला दहा हजार" असं सांगून दर काढायचा आणि शेवटी तीनशे मागायचे, हे अनेकांना हुशारी वाटते. कारखानदार त्या आकड्यावर सुताची चौकशी करून ठेवतो. तीनशेवर आलात की दर बदलतोच, वर तुमच्या शब्दाची किंमत गेलेली असते. तीनशेच हवे आहेत तर तीनशे सांगा. तीनशेची ऑर्डर घेणारे लहान कारखाने सोलापुरात आहेत.

उत्तर आल्यावर काय वाचायचं

नुसता आकडा आला तर त्याला दर समजू नका. त्यामागच्या अटी विचारून लेखी घ्या, फोनवर बोलणं झालं असेल तर त्याच दिवशी "आपण असं म्हणालात" म्हणून मेसेज टाका.

भाड्याची भाषा समजून घ्या. "एक्स फॅक्टरी" म्हणजे माल कारखान्याच्या दारात, पुढचं तुमचं. "एफओआर" म्हणजे ठरलेल्या गावापर्यंतचं भाडं त्यांच्याकडे. ट्रान्सपोर्टच्या बिल्टीवर, म्हणजे माल पाठवल्याच्या पावतीवर, "टू पे" लिहिलेलं असेल तर माल सोडवताना भाडं तुम्ही भरायचं. पॅकिंगचा खर्च वेगळा लावणारेही असतात.

मुदतीचं म्हणाल तर "20 दिवसांत देतो" हे वाक्य अपुरं आहे. 20 दिवस ॲडव्हान्स जमा झाल्यापासून, की नमुना मंजूर झाल्यापासून? मधे सण कुठले येतात? नारळी पौर्णिमेला पूर्व भागात मार्कंडेय रथोत्सव असतो, जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा, आणि दिवाळीनंतर कामगार परत येऊन सगळे माग पूर्ण सुरू व्हायला काही दिवस जातात. दिवाळीआधी माल हवा तर श्रावणातच दर मागवा.

दर किती दिवस कायम, हा प्रश्न सुतामुळे. सुताचा भाव हलता असतो, म्हणून सात किंवा पंधरा दिवसांपुरताच दर देणारा कारखानदार तुम्हाला फसवत नाही. उलट "कधीही या, हाच दर" म्हणणाऱ्याकडे मी जरा थांबून बघतो, वाढलेला भाव तो वजनातून काढणार नाही ना?

तुलना

इथे कागद-पेन घ्याच. समजा 500 टॉवेलसाठी तीन दर आले. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत.

पहिला म्हणतो नगाला 172, जीएसटी वेगळा, एक्स फॅक्टरी, वजन "साधारण 425 ग्रॅम". दुसरा किलोवर सांगतो, किलोला 400, जीएसटी वेगळा, एक्स फॅक्टरी, वजन 450. तिसरा म्हणतो नगाला 195, जीएसटी आणि पंढरपूरपर्यंतचं भाडं धरून, वजन 460.

वरवर पाहता पहिला स्वस्त आणि तिसरा महाग. आता सगळे एका पायावर आणा. या किमतीच्या टॉवेलवर जीएसटी 5 टक्के. भाडं 500 नगांना 1800 रुपये धरलं तर नगाला 3 रुपये 60 पैसे. तिसऱ्याच्या 195 मधून जीएसटी काढला तर 185.71 उरतात, त्यातून भाडं वजा केलं तर 182.11. आता किलोचा दर काढा. पहिला 172 भागिले 0.425, म्हणजे जवळपास 405 रुपये किलो. दुसरा 400. तिसरा 182.11 भागिले 0.460, म्हणजे 396. महाग वाटलेला तिसरा सुताच्या किलोमागे सगळ्यात स्वस्त निघाला.

याचा अर्थ डोळे मिटून तिसरा घ्या असा नाही. 425 ग्रॅमचा टॉवेल तुमच्या कामाला पुरत असेल तर खिशातून जाणारे पैसे पहिल्याकडेच कमी आहेत. आणि सूत कुठलं, हे किलोच्या दरात दिसत नाही. ते नमुन्यात दिसतं.

नमुना

नमुना आला की तो आधी मोजा, तोला, आकडे लिहून ठेवा. मग तीन वेळा धुवा, जसा पुढे धुतला जाणार तसाच, लॉजचा असेल तर गरम पाणी आणि ब्लीच वापरून. पुन्हा मोजा, तोला. वजन किती उतरलं, लांबी किती आटली, लूप ओढले गेले का, किती सूत झडलं. वाळलेल्या टॉवेलवर पाण्याचे थेंब टाकून बघा, लगेच मुरायला हवेत. कोऱ्या टॉवेलवर कधीकधी मऊपणासाठी लावलेल्या रसायनामुळे पाणी वर तरंगतं, म्हणून ही परीक्षा धुतल्यानंतरच करावी. गडद रंग असेल, विशेषतः मरून आणि नेव्ही ब्लू, तर ओल्या पांढऱ्या कापडाने चोळून रंग लागतो का पाहा.

पसंत पडला तर त्याच लॉटमधले आणखी दोन कोरे नमुने घ्या. दोन्हींवर तारीख घालून दोघांच्या सह्या करा. एक त्यांच्याकडे राहील, एक तुमच्याकडे. तुळजापूरच्या एका खरेदीत माल आल्यावर रंगाची छटा वेगळी निघाली होती. सही केलेला नमुना काढून समोर ठेवल्यावर आवाज न चढवता पंधरा मिनिटांत बदलून देण्याचं ठरलं.

चादरींबद्दल थोडं सांगतो. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. "सोलापुरी" नावाने बाहेरचा मालही खपवला जातो, तेव्हा चादर घेताना उत्पादकाचं लेबल आणि बिलावरचा पत्ता बघावा.

घासाघीस

"कमी करा, कमी करा" म्हणत राहिलात तर दर दोन-चार रुपयांनी उतरेल आणि तेवढंच सूतही उतरेल. त्याऐवजी विचारा, "माझ्याकडून काय बदललं तर तुम्हाला परवडेल?" पाच रंगांऐवजी दोन घेतले, त्यांच्या मागावर आधीच लागलेली बॉर्डर चालवून घेतली, मुदत आठ दिवस वाढवली, पैसे माल निघतानाच दिले, तर दर खरोखर खाली येतो आणि माल तसाच राहतो. दुसऱ्या कारखान्याचं कोटेशन मात्र दाखवू नका. तुम्ही आज त्याचं इथे दाखवलंत, उद्या याचं तिथे दाखवणार, हे समोरच्याला लगेच कळतं.

उधारी मागणार असाल तर कायदा माहीत असू द्या. 2006 च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाला, लेखी करार असला तरी, जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात. करार नसेल तर 15 दिवसांत. मुदत उलटली तर व्याज लागतं आणि आयकरातही तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत धरता येत नाही. सोलापूरचे बहुतेक कारखाने लहानच आहेत. शनिवारी कामगारांचा पगार वाटायचा असतो, त्यांना "बघू पुढच्या महिन्यात" परवडत नाही.

ॲडव्हान्स भरण्याआधी खात्याचं नाव जीएसटीवरच्या नावाशी जुळतं का बघा. कुणाच्या वैयक्तिक खात्यावर टाकायला सांगितलं, किंवा शेवटच्या क्षणी "खातं बदललंय" असा मेसेज आला, तर आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करा. मगच ऑर्डर लेखी पाठवा, त्यात ठरलेल्या सगळ्या अटी आणि सही केलेल्या नमुन्याची तारीख घाला.

ज्यांना ऑर्डर दिली नाही त्यांनाही दोन ओळी कळवा: "या वेळी दुसरीकडे दिली, आपला दर मिळाला, आभारी आहे." बारा वर्षांत असा मेसेज मला फार थोड्यांनी केला. त्यांची नावं आजही माझ्या लक्षात आहेत, आणि त्यांच्या पुढच्या चौकशीला आम्ही त्याच दिवशी उत्तर दिलं.

माल पोहोचल्यावर वेगवेगळ्या गठ्ठ्यांतले दहा नग काढून तोला, मोजा आणि ते आकडे कोटेशनच्याच कागदावर मागे लिहून ठेवा. सुताचा नंबर, रंगाचा शेड नंबर, बिलाची तारीखही तिथेच लिहा. सहा महिन्यांनी पुन्हा माल लागेल तेव्हा हा कागद फोटो काढून पाठवायचा आणि खाली एवढंच लिहायचं: "हाच माल, 300 नग, आजचा दर कळवा."